हिरो पाकिटावर आला कसा?

आम्ही लहान असताना कार्टून हा रविवार सकाळचा खाऊ होता. दूरदर्शनवर 'डक टेल्स' संपलं की कांदिवलीतल्या आमच्या सोसायटीतली सगळी मुलं खाली खेळायला. १९९५ साली कार्टून नेटवर्क आलं, २००४ मध्ये पोगो, २००८ मध्ये 'छोटा भीम'. आणि रविवारची वाट बघणं संपलं.

चॅनेल जाहिरातींवर चालतं, हे आपल्याला माहीत असतं. पण कधीकधी कार्टून हीच जाहिरात असते. आपल्याकडे दूरदर्शनवर गाजलेला 'ही-मॅन' घ्या. अमेरिकेत मॅटेल कंपनीने त्याची खेळणी १९८२ मध्ये बाजारात आणली, मालिका आली १९८३ मध्ये. खेळणं आधी, गोष्ट नंतर!

आता यात डॉक्टरने का पडायचं? दवाखान्यात चार-पाच वर्षांच्या मुलाला मी "काय खायला आवडतं?" विचारते, तेव्हा बरेचदा पदार्थाऐवजी पाकिटावरच्या चित्राचं नाव ऐकू येतं. आई म्हणते, "मॅडम, फार हट्टी आहे हो." मला तसं वाटत नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना हे नीट उमगतच नाही की समोरचा आपल्याला काहीतरी विकू पाहतोय. कार्टूनमधला मित्र सांगेल ते खरं. मुलाकडे पैसे नसतात, पण भुणभुण असते. जाहिरातवाल्यांनी तिलाही 'पेस्टर पॉवर' असं नाव देऊन ठेवलंय. (टीव्हीसमोर जेवण्याबद्दल पुन्हा कधीतरी, तो वेगळाच विषय आहे.)

स्वीडनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी टीव्हीवर जाहिरात करायला बंदी आहे. आपल्याकडेही जून २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या चॅनेलवर चिप्स, कोल्ड्रिंक अशा जंक फूडची जाहिरात चालत नाही. नियम चांगलाच आहे. पण कार्टूनचं चित्र छापलेलं पाकीट वाण्याच्या दुकानात मुलाच्या नजरेच्या उंचीवर लटकतच असतं.

म्हणून मी पालकांना पाकीट उलटं करायला सांगते. मागे १०० ग्रॅममध्ये साखर किती ते लिहिलेलं असतं; चार ग्रॅमला एक छोटा चमचा धरा. दोन वर्षांवरच्या मुलाला वरून घातलेली साखर दिवसाला सहा चमच्यांपेक्षा कमीच हवी. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीपासून सुरुवात करा. आणि हा हिशेब मुलासमोरच करा, चमच्याने वाटीत साखर काढत. पाच वर्षांच्या मुलाला सहापर्यंत मोजता येतं.