वारुळावरचीं अळंबीं

काश्मीर-हिमाचलाच्या रानांत बर्फ वितळलें कीं वसंतारंभीं गुच्छी नांवाचें अळंबें निघतें, असें आम्ही वाचितों. आमचा सह्याद्रि चैत्र-वैशाखांत करवंदें देतो. अळंब्यांसाठीं मात्र आषाढाची वाट पाहावी लागते. चार दिवस झड लागून मग उकाडा झाला, कीं आमच्या आजोळीं मुळशी खोऱ्यांत वारुळांभोंवतीं तीं पांढऱ्या छत्र्या उघडून उभीं राहतात.

वारूळ मुंग्यांचें, असा सर्वत्र समज आहे. वस्तुतः तें बांधते वाळवी. नागपंचमीस ज्याची पूजा होते तो नाग तेथला बिनभाड्याचा भाडेकरी होय! वाळवी वाळका पाला व लाकूड खाऊन आपल्या विष्ठेचीं पोळ्यासारखीं मऊ घरें जमिनींत रचिते आणि त्यांवर एक कवक वाढविते. कवक लाकूड पचण्याजोगें करितें. वाळवी त्यास ऊब व ओल पुरविते. त्याच कवकाचें फळ म्हणजे हें अळंबें. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हैम यांनी १९४२ सालीं या कुळास टर्मिटोमायसीस हें नांव दिलें. बाजारांतील बारमाही अळंब्यांप्रमाणें पेंढ्यावर हीं पिकवितां येत नाहींत.

यांची ओळख आम्हांस आमच्या मामींनी करून दिली. नुसती छत्री पाहून त्या कधींच निर्णय देत नाहींत. प्रथम काठीनें माती उकरितात. देठ निमुळता होत मुळासारखा खोल वारुळांत गेलेला हवा. मग छत्रीच्या मध्यावरचें मातकट, टणक टोंक बोटानें चाचपितात. खालचे पडदे पांढरे, पुढें किंचित् गुलाबी. देठाच्या बुडाशीं वाटीसारखी पिशवी दिसली, कीं तें अळंबें कितीहि देखणें असो, त्यास हात लावावयाचा नाहीं.

एकदां आमच्या मावसभावानें पुण्यांतील एका हिरवळीवरचीं मोठालीं पांढरीं अळंबीं कौतुकानें आणिलीं. चांदीचा रुपया घालून शिजवावीं, तो काळा पडला तरच विष समजावें, असें तो सांगूं लागला. मामींनी एक अळंबें उलटें केलें. पडदे हिरवट होते. कांहीं न बोलतां त्यांनी तीं सर्व खड्ड्यांत पुरलीं व हात धुतले.

त्या हिरवट जातीनें कांहीं तासांतच वांत्या-जुलाब होतात. बुडाशीं पिशवी असणाऱ्या कांहीं जाती त्याहून घातक. त्यांचें विष शिजवून जात नाहीं, चांदीस तें कळत नाहीं, आणि किड्यांनी खाल्लेलें अळंबेंहि माणसास मारूं शकतें. पहिले सहा ते बारा तास रोग्यास कांहींच होत नाहीं. मग वांत्या होऊन मध्यंतरीं बरें वाटतें, आणि त्याच वेळीं आंत यकृत निकामी होत असतें.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत आजरेकरांच्या नांवाच्या संग्रहांत वाळविलेल्या कवकांचे नमुने जपून ठेविले आहेत. तेथील पंडित सूक्ष्मदर्शकानें जें पाहतात, त्यांतलें थोडें मामी बोटांनी जाणतात. मात्र त्यांच्या शेताच्या कडेचीं तीन वारुळें भूखंड सपाट करितांना नाहींशीं झालीं. एक उरलें आहे. तेथें अळंबीं आलीं, कीं त्या दोन-चार न तोडतां ठेवितात आणि नातवंडाच्या हातीं काठी देऊन म्हणतात, “आधीं माती उकर.”