मूठ कुठली?

चाकू जमवणारी माणसं बहुधा पात्यावर भाळतात. पोलाद कुठलं, धार किती टिकते, खटका कसा वाजतो, यावर त्यांच्या मैफली रंगतात. नेरडीगोंड्याचे एक निवृत्त मास्तर याला अपवाद आहेत. त्यांच्या हाती चाकू दिला तर ते तो आधी उघडतच नाहीत. मिटलेलाच उलटसुलट करतात, मुठीवरून अंगठा फिरवतात, वास घेतात आणि विचारतात, "मूठ कुठली?" लोखंड काय, कुठूनही कुठेही जातं. मूठ मात्र चाकू जिथे बनला तिथल्या रानाची नाहीतर गोठ्याची असते, असं त्यांचं ठाम मत.

नेरडीगोंडा हे आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव, नागपूर–हैदराबाद महामार्गावरचं. जवळच कुंतल्याला कडेम नदी सुमारे ४५ मीटर खाली कोसळते. तेलंगणातला सर्वांत उंच म्हणून ओळखला जाणारा हा धबधबा. दक्षिणेला महबूब घाट उतरला की निर्मल. बाजारात तेलुगू, गोंडी, लंबाडी, दखनी आणि मराठी अशी सगळी घासाघीस एकाच वेळी कानावर पडते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. मराठी बोलणारी पुष्कळ घरं मात्र अलीकडेच राहिली. मास्तरांचं त्यांतलंच.

घरातला पहिला चाकू वडिलांचा. तो कनवटीला असे. सुतळी कापायला, आंबा चिरायला, पायातला काटा काढायला तोच. सुपारीला तेवढा अडकित्ता वेगळा. पातं ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचं होतं. महामार्ग म्हटला की पाटे मोडणार आणि मोडले की लोहाराच्या भात्यापुढे येणार. ते पोलाद मुळातच चिवट. पाणी नीट दिलं तर धार चांगली धरतं. मूठ धावड्याची. आदिलाबादच्या जंगलाचं नाव सागवानानं झालं खरं, पण कुऱ्हाडीच्या दांड्याला इथला जाणता माणूस साग घेत नाही. साग टिकतो, वाळवीला दाद देत नाही. पण दणका सोसायचा तर धावडा हवा, नाहीतर तिवस. बैलगाडीच्या आखाला धावडा वापरत, यावरून त्याची ताकद कळावी. उलट निर्मलची प्रसिद्ध खेळणी, ते रंगीत राघू आणि सीताफळं, ज्या पोणकीच्या लाकडाची होतात ते इतकं हलकं आणि मऊ की मुठीच्या कामाचं नाही. एकाच जंगलातली ही लाकडं, पण कुणी काय व्हायचं ते ठरलेलं.

वडिलांनंतर तो चाकू मास्तरांकडे आला आणि त्याला सोबत हवी म्हणून दुसरा आला. हा म्हशीच्या शिंगाचा. शिंगाची मूठ बनताना त्यांनी लोहाराशेजारी बसून पाहिली आहे. शिंगाचा पोकळ भाग करवतीनं उभा चिरायचा, विस्तवाच्या धगीवर फिरवत राहायचा, मऊ पडला की दोन फळ्यांत दाबून सपाट करायचा. धग जरा जास्त झाली की जळक्या केसांचा वास सुटतो, कारण केस आणि शिंग दोन्ही एकाच द्रव्याची. मास्तर घाई करायला लागले तेव्हा लोहार म्हणाला, "गुरुजी, घाई केली तर आज सपाट होईल अन् पावसाळ्यात परत वाकंल." मग पात्याच्या दोन्ही अंगांना दोन तुकडे बसवून आरपार पितळी खिळा, दोन्हीकडून चेपलेला. कानस, राख, शेवटी तेलाचं बोट. काळ्या कुळकुळीत मुठीत उन्हाकडे धरल्यावर एक मधाळ रेघ दिसते. ती काही कुणी काढलेली नव्हे, म्हशीनंच दिलेली. या मुठीला कीड लागते, ही मात्र तिची खोड. नुसती पेटीत ठेवली तर पोखरली जाते, हाताळत राहिलं की ठीक राहते.

शिंग म्हणजे सगळं एकच असं शहरातली माणसं समजतात. गाईम्हशीचं शिंग आतल्या हाडावर चढलेलं टोपण असतं आणि जन्मभर राहतं. सांबराचं शिंग हे मुळात हाडच. ते झडतं आणि पुन्हा नवं येतं. सांबराच्या शिंगात आतला सच्छिद्र गर कमी आणि बाहेरची भिंत जाड. वरचा खरखरीतपणा तसाच ठेवला तर घामेजल्या हातातूनही चाकू सटकत नाही. म्हणूनच इंग्लंडातल्या शेफील्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानातून सांबरशिंग मागवत. मास्तरांकडे असा एक चाकू आहे, एका जुन्या देशपांडे घराण्यातून आलेला. पात्यावर तारा आणि क्रॉस असा जोसेफ रॉजर्स कंपनीचा शिक्का, मूठ सांबरशिंगाची. देशपांडेवाड्यात त्याचं काम बोरू तासायचं होतं. ही ती कंपनी, जिनं १८२२ साली १,८२२ पात्यांचा एक चाकू करून ठेवला आणि पुढे साल बदलेल तसं त्यात पातं वाढवत नेलं. असल्या चाकूनं कोण काय कापणार होतं, हा प्रश्न शेफील्डमध्ये कुणाला पडला नसावा.

हिंदुस्थानचं शिंग बोटीनं गेलं आणि चाकू होऊन परत आलं, तेही दाम मोजून. पोलादाची गोष्ट याहून जुनी आणि जास्त चटका लावणारी. निर्मलच्या परिसरातलं खनिज आणि गोदावरीपलीकडच्या कोनासमुद्रमच्या भट्ट्या, यांवर इथे मुशीतलं पोलाद तयार होत असे. हैदराबाद राज्यात सर्वेक्षणासाठी आलेले डॉ. व्हॉयसे यांनी ते पाहिलं. त्यांचं वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली छापलं गेलं. दोन प्रकारचं लोखंड एकत्र करून मातीच्या मुशीत बंद करायचं, तापवायचं आणि सावकाश निवू द्यायचं. निघणारे गोळे घ्यायला इराणचे व्यापारी खुद्द इथवर येत. तिकडच्या कारागिरांनी ते ठोकले की पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. जगानं त्या पात्यांना नाव दिलं दमास्कसचं. मास्तरांचा सिद्धान्त इथे त्यांच्याच मदतीला येतो: निर्मलहून निघाला तो गोळा, त्याला मूठ नव्हती. मूठ परमुलखात बसली, म्हणून नावही परमुलखाचं लागलं. इतिहासकार इतक्या सोप्या कारणावर समाधान मानणार नाहीत, पण सिद्धान्तात तथ्य आहे.

या पोलादाची पहिली शास्त्रीय परीक्षा झाली तीही चाकूच्याच रूपात. मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअरसन यांनी १७९५ साली त्यावर निबंध वाचला. त्यासाठी जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकू-कारागिरानं एका तुकड्याचा लेखणी तासायचा छोटा चाकू घडवला आणि तो उत्तम पोलादी चाकूइतकाच कापतो असा निर्वाळा दिला. पुढे हेच स्टोडार्ट मायकेल फॅरडे यांच्याबरोबर पोलादाचे प्रयोग करत होते. अलीकडे, २०१० च्या सुमारास, एक्सेटर विद्यापीठाच्या गिल जुलेफ आणि बंगळुरूच्या शारदा श्रीनिवासन यांच्या चमूनं उत्तर तेलंगणातल्या लोहभट्ट्यांच्या जागा पायी हिंडून नोंदवल्या. गावोगाव पडलेली काळी मळी हाच त्यांचा पुरावा.

पुण्याला गेल्यावर मास्तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जातात आणि सरळ अडकित्त्यांपाशी उभे राहतात. मोर, राघू, घोडेस्वार अशा आकारांचे पितळी दांडे; सुपारी कातरण्याच्या क्षुल्लक कामासाठी केवढा हा थाट! हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात नूरजहाँची म्हणून दाखवली जाणारी फळं कापायची सुरी आहे, जेडच्या मुठीची आणि रत्नं जडवलेली. ती त्यांना फारशी आवडत नाही. रत्नं बोटांना टोचत असणार, असं ते म्हणतात, आणि हा आक्षेप चाकू वापरणाऱ्या माणसाचाच असू शकतो.

घरी हा सगळा ऐवज बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो. त्यात एक चाकू मात्र वेगळा, कागदात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवलेला. त्याची मूठ सेल्युलॉइडची, शिंपल्यासारखी चमकणारी. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजतं आणि त्यातून आम्ल वायू सुटतात. शेजारच्या सगळ्या पात्यांना गंज चढतो. हाड पिवळं पडतं, त्याच्या बारीक छिद्रांत मळ बसतो. लाकूड आक्रसतं आणि खिळा सैल होतो. यांतलं प्रत्येक दुखणं मुठीचं; पातं बिचारं घासलं की उजळतं.

शौकाला कायद्याचीही कुंपणं आहेत, ती मास्तरांना तोंडपाठ आहेत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू, घरगुती आणि शेतीच्या कामाचे सोडून, शस्त्रनियमांच्या कक्षेत येतात. हिंदी सिनेमानं गाजवलेल्या रामपुरीच्या वाट्याला म्हणूनच सतत पोलिसांची नजर आली. सांबराचं शिंग जंगलात आपोआप झडलेलं असलं तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात येतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याची निर्यातही थांबली. शेफील्डवाल्यांना तेव्हा मुठींसाठी दुसरीकडे बघावं लागलं. मास्तरांच्या मते हे योग्यच झालं. सांबरानं जंगलात फिरावं, मुठीला म्हैस आहेच.

तेव्हा घरात आजोबांचा घडीचा चाकू सापडला तर उत्साहाच्या भरात पॉलिश पेपर घेऊन बसू नका. पात्याला तेलाचा हात पुरे. मूठ सैल असेल तर खिळा बदलून घ्या, मूठ बदलू नका. ती कुणी, कुठे, कशाची बसवली हे सांगणारं माणूस घरात अजून असेल तर विचारून कागदावर लिहून ठेवा. सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असली तर कितीही भाव आला तरी विकायच्या भानगडीत पडू नका. आधी वनखात्याकडे चौकशी करा.