नाताळची करंजी

परदेशच्या चालीरीती वाचण्यात मोठी करमणूक असते. व्हेनेझुएलातल्या काराकास शहरात लोक नाताळच्या दिवसांत पहाटे पायांना चाके बांधून, रस्त्यावरून घरंगळत प्रार्थनेला जातात. युक्रेनमध्ये नाताळच्या झाडावर कोळ्याचे जाळे सजवतात. एका गरीब विधवेच्या घरचे जाळे रातोरात रुप्याचे झाले, अशी तिथली कथा. जपानात तर १९७४ पासून तळलेली कोंबडी हाच नाताळचा नैवेद्य होऊन बसला आहे!

आपण हसतो. पण आमच्याकडची हकीकत ऐकून काराकासचा माणूस काय म्हणेल? गोव्यात नाताळला ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या तळतात. नेवरी म्हणजे आपली करंजी. तिथल्या हिंदू घरांत तीच चतुर्थीला गणपतीपुढे असते. १७३६ साली इन्क्विझिशनने बाटलेल्यांच्या जुन्या रीतींवर बंदी घातली. अंगणात तुळस नको, भात अळणी शिजवायला नको! हुकूम थेट चुलीपर्यंत पोचला. पण नेवरी त्यातून सहीसलामत सुटली. आणि पाद्र्यांचे तरी काय? इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने ख्रिस्तजन्माची कथा सांगायला ओवीच धरली. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. वर्गात ते शिकवताना मुले आधी दचकतात, मग कान देतात.

आमच्या बेलवलीत शेजारी मूळचे गोव्याचे एक कुटुंब राहायला आले. पहिल्याच नाताळला त्यांच्याकडून नेवऱ्यांचे ताट आले, वर विणलेला रुमाल. आई जुन्या वळणाची. "आपल्याला नाही हो चालायचं," म्हणून तिने ताट खिडकीत झाकून ठेवले. मुलांनी मात्र दुपारपर्यंत त्याचा फडशा पाडला. आई लांबून पाहत होती. संध्याकाळी हळूच म्हणाली, "काय रे, खोबरं ओलं घालतात की सुकं?"

"तूच विचारून ये ना."

"आणि रिकामं ताट घेऊन जाऊ?"

डब्यातले बेसनाचे लाडू ताटात घालून आई प्रथमच तो उंबरठा ओलांडून गेली. परतली ती तासाभराने. खोबऱ्याचा, रव्याचा आणि शेजारणीच्या सासूच्या दम्याचा सगळा हिशेब घेऊन.

तेव्हापासून ताटाची ये-जा चालूच आहे. ते मुळात कोणाचे, हे आता दोन्ही घरे विसरली आहेत.