पंधरा फुटी जागेतील घर

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय. कचेरीत येणारे इंग्रजी व हिंदी लेख मराठीत आणावयाचे, मुद्रिते तपासावयाची आणि अंक वेळेवर धाडावयाचा. तीन वर्षांपूर्वी लहान घरांच्या बांधणीवरील एक लेख माझ्याकडे आला. ‘अरुंद भूखंड’, ‘वायुवीजन’, ‘अंतर्गत मोकळी जागा’ असे शब्द मी त्यात नीटपणे बसवले आणि लेख छपाईस दिला. त्या शब्दांचा अर्थ मात्र मला दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला माहेरी गेले तेव्हा कळला.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, एका गिरणीत हिशेबनीस होते. आयुष्याच्या पुंजीतून त्यांनी एकच स्थावर वस्तू घेतली : १५ फूट रुंद व ५० फूट लांब अशी जागा. तीवर घर बांधणे त्यांच्या हातून झाले नाही. ते काम दादाने अंगावर घेतले होते. मी पोहोचले त्या संध्याकाळीच त्याने कंत्राटदाराने काढलेला नकाशा माझ्यापुढे पसरला.

नकाशा पाहता कोणाचेही मन सुखावावे. खाली बैठक, दोन खोल्या व स्वयंपाकघर. वर दोन खोल्या, त्यांतील एक भाड्याने देण्यासाठी. एवढ्याशा जागेत इतके बसवले, याचेच कौतुक वाटत होते. पण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढे-मागे सोडावयाची जागा वजा जाता घराची लांबी ४० फूट उरत होती. नऊ इंची भिंतींनी दीड फूट घेतल्यावर आतली रुंदी साडेतेरा फूट. त्यातून तीन फुटांचा बोळ पुढून मागे काढलेला. मधली खोली आईची. तिला खिडकी होती, परंतु ती उघडत होती त्या बोळात!

“आई, तुला ही खोली चालेल?” मी विचारले.

“मला काय ग, पाठ टेकायला जागा झाली म्हणजे पुष्कळ,” ती म्हणाली.

आईला दम्याचा विकार आहे. असे उत्तर देणाऱ्या माणसाला आपण किती सहजपणे अंधाऱ्या खोलीत ढकलतो, हे मला तेव्हा जाणवले.

खिडकीतून येणारा उजेड साधारणपणे तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पट अंतरापर्यंतच उपयोगी पडतो. सात फूट उंचीची खिडकी म्हणजे फार तर पंधरा-सतरा फूट. चाळीस फूट लांबीच्या घराला केवळ पुढे व मागे खिडक्या असल्या, तर मधला भाग भर दुपारीही दिव्यावाचून वापरता येत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत कोरड्या उष्ण हवामानासाठी खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र जमिनीच्या निदान एक दशांश असावे असे सांगितले आहे. दमट उष्ण प्रदेशात ते एक षष्ठांश. अर्थात ही खिडकी बाहेरच्या हवेत उघडली पाहिजे. बोळातील खिडकी ही भिंतीला पाडलेले भोक होय, त्याहून अधिक काही नाही.

हे सारे मी दादाला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, “तुला दिल्लीहून सांगायला सोपं आहे. वरच्या खोलीचं भाडं आलं नाही, तर कर्जाचा हप्ता मी कुठून भरू?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्या रात्री आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी एक सोपी गोष्ट केली. चुन्याची फक्की नेली आणि नकाशा जागेवर खऱ्या मापाने आखला. वहिनीने मुलांच्या मदतीने खाट आणली व आईच्या खोलीच्या रेघांत ठेवली. खाट ठेवल्यावर कपाटाचे दार उघडेना. स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जाण्यास किती वळसा पडतो, हे वहिनी स्वतःच चालून पाहू लागली. बोळाची लांबी मोजली तेव्हा सुमारे ७५ चौरस फूट जागा नुसती चालण्यात जात असल्याचे दिसून आले. आई आपल्या चौकोनात उभी राहिली, वर पाहिले आणि म्हणाली, “आज इथून आभाळ दिसतंय. भिंती झाल्या की ते दिसायचं नाही.” एवढेच. पण ते ऐकून दादाने फक्कीचा डबा खाली ठेवला.

मग आमचे खरे बोलणे सुरू झाले. मी भाषांतरासाठी वाचलेले आता कामी आले. अहमदाबादच्या पोळांतील जुनी घरे पाहा : दर्शनी रुंदी थोडी, खोली पुष्कळ, दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या. तरीही ती कोंदट नाहीत; कारण मध्ये आकाशाला उघडा चौक असतो आणि बऱ्याच घरांत त्या चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके. त्याच शहरात वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ च्या सुमारास गुजरात गृहनिर्माण मंडळासाठी सुमारे १२ फूट रुंदीचे एक नळीसारखे घर योजले होते. त्याचे छत उतरते ठेवून तापलेली हवा वरच्या फटीतून बाहेर जावी व खालून थंड हवा आत यावी अशी सोय त्यांनी केली. पुढे ते घर पाडले गेले, परंतु त्यामागील विचार टिकून आहे. आणि खुद्द इंदुरात बाळकृष्ण दोशी यांनी आखलेली अरण्य वसाहत आहे. तिला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला. तेथील सर्वांत लहान जागा अवघ्या ३५ चौरस मीटरच्या. तेथे प्रथम न्हाणीघर, शौचकूप व एखादी खोली बांधावी आणि पैसा येईल तसे घर वाढवावे, अशी योजना होती.

या शेवटच्या गोष्टीने दादाचे मन वळले. सगळे घर एकदम पुरे केलेच पाहिजे असे थोडेच आहे?

नवा नकाशा आम्ही उलट्या क्रमाने काढला : आधी मोकळी जागा, मग जिना आणि शेवटी खोल्या. घराच्या मध्यावर साडेसहा फूट लांब व तितकाच रुंद चौक सोडला. त्याच्या शेजारच्या आच्छादित भागात जेवणाची पाने मांडता येतात. तीच वाटही आहे. सरळ जिना बैठकीतील भिंतीच्या कडेने नेला. दहा फूट चढण्यास सात इंचांच्या सतरा पायऱ्या व सुमारे साडेतेरा फूट लांबी लागते, ती बैठकीत सामावली. आईच्या खोलीची खिडकी चौकात उघडते. मागे स्वयंपाकघर व न्हाणीघर. वर सध्या एकच खोली. भाड्याची खोली गेली. चौकाचा आग्रह माझा होता. तेव्हा हप्त्याचा काही भाग दर महिन्यास मी पाठवावा असे ठरले. तो मी आजही पाठवते.

चौकाचे कष्टही सांगितले पाहिजेत. पहिल्याच पावसाळ्यात झड आईच्या उंबऱ्यापर्यंत आली. चौकाची फरशी दोन इंच खाली घेऊन पन्हळ रुंद करावी लागली. वर लोखंडी जाळी बसवावी लागली. उन्हाळ्यात माळव्याची धूळ रोज झाडावी लागते. कोकणासारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात असा चौक जसाच्या तसा चालणार नाही. तेथे वर छप्पर उचलून कडेने हवा घ्यावी लागेल.

आपल्यापैकी कित्येकांच्या नशिबी अशीच अरुंद जागा असेल, मग ती बडोद्यास असो, जबलपुरास असो वा नागपुरास. नकाशा निवडताना खोल्या मोजण्याची घाई करू नये. घरातील जे माणूस दिवसभर घरात असते आणि काही मागत नाही, त्याची खोली कोठे आहे व तिची खिडकी कशात उघडते, हे आधी पाहावे. सही करण्यापूर्वी एक सकाळ फक्की घेऊन जागेवर जावे. चुन्याच्या रेघा पुसता येतात. भिंती पुसता येत नाहीत.

परवा घरबांधणीवरील आणखी एक लेख भाषांतरास आला. ‘अंतर्गत मोकळी जागा’ असे लिहून झाल्यावर मी ते खोडले आणि तेथे ‘चौक’ असे लिहिले.