तेराचा पहाडा

आमच्या घरात बाईमाणसानं धावायचं ते तीनच वेळा. नळाला पाणी आलं की, दूध उतू जायला लागलं की आणि पोरगं रस्त्यावर गेलं की. त्यापलीकडे धावणारी बाई म्हणजे तिच्यामागे काहीतरी लागलेलं असणार, नाहीतर ती काहीतरी टाकून पळालेली असणार, असा आमच्या मोहल्ल्याचा सरळ हिशेब.

आम्ही म्हणजे या घरातली लेक आणि सून. लिहिते आहे सून, पण यातलं काहीच एकटीचं नाही, म्हणून आम्ही असंच लिहायचं ठरवलं आहे. लेक म्हणजे आपा, आमच्या शौहरांची मोठी बहीण, वय 41. सून 36 वर्षांची, बी.एड. झालेली, उर्दू माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. आपा 2021 साली तलाक होऊन माहेरी आली. तेव्हापासून तिनं उंबरठा ओलांडला तो दवाखान्यासाठी आणि मय्यतीसाठी. कुणी तिला कोंडलं नव्हतं. ‘अब किधर जाना, किस कू मूं दिखाना’ असं म्हणून तिनं स्वतःच कडी लावून घेतली होती. दिवसभर स्वयंपाक, शिवणयंत्र आणि चहा. चहात साखर दोन चमचे.

जुलै 2024 मध्ये तिला चक्कर आली. रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी तपासणी असते तिचा आकडा 6.3 आला. डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून दाखवली. 5.7 च्या आत असावं, 6.5 ला मधुमेह धरतात, तुम्ही इथे उभ्या आहात. त्यांचं बोट रेघेच्या अगदी काठावर होतं. गोळी आत्ता देत नाही, रोज चाला, म्हणाले. आपानं मान हलवली. घरी येऊन चहा केला, दोन चमचे.

पुढचा महिना पॅरिसच्या ऑलिंपिकचा. 11 ऑगस्टला शेवटच्या दिवशी बायकांची मॅरेथॉन झाली, 42.195 किलोमीटर. ती सिफान हसननं जिंकली. मुलगी इथियोपियात जन्मलेली, पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून हॉलंडला आली, तिथे नर्सिंग शिकता शिकता धावू लागली. त्याच ऑलिंपिकमध्ये तिनं पाच हजार आणि दहा हजार मीटरची ब्राँझ पदकंही घेतली होती. मॅरेथॉनचं सुवर्णपदक मात्र तिनं हिजाब घालून स्वीकारलं. सातवीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलींचे डोळे असे चमकले की आमच्यातल्या शिक्षिकेला आपणच जिंकून आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, आप कू दौड़ना आता?”

आमच्या शाळेला मैदान नाही, अंगण आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत साठ पावलं. पीटीच्या तासाला शिक्षिका पदर खोचून, म्हणजे दुपट्टा गुंडाळून, धावली. चाळिसाव्या पावलाला छातीत भाता चालू झाला. मुली हसल्या नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. सातवीपर्यंत हुंदडणाऱ्या या मुली आठवीत गेल्या की भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात. त्यांना उभं राहायला शिकवणाऱ्यांत आम्हीही आहोत, हे त्या साठ पावलांत कळलं.

रात्री भांडी घासताना आपाला हे सांगितलं. ती म्हणाली, “हौ, तुम दौड़ो दुल्हन, मैं बैठ के देखतूं.” बसायला तरी चला म्हटलं. ती आली.

फजरची नमाज झाली की आम्ही निघायचो. होम मैदान घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. सोलापूरकरांना सांगायला नको. एका अंगाला भुईकोट किल्ला, जवळच सिद्धेश्वर तलाव. पहाटे तिथे निम्मं शहर चालायला येतं. पहिल्या दिवशी आपा बसली नाही. बुरखा सावरत ती आमच्याबरोबरच धावली आणि आम्ही दोघी जिवाच्या आकांतानं धावलो, कारण धावणं म्हणजे तसंच असतं अशी आमची समजूत. मिनिटभरात संपलो. बरगडीखाली कळ, घशात लोखंडाची चव. आपाचा पाय बुरख्याच्या घेरात अडकला आणि ती मातीत बसली. बसल्या बसल्या हसायला लागली. घरात तीन वर्षं तिचं हसू कुणी ऐकलं नव्हतं. त्या हसण्यासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, साखरेसाठी नव्हे. खरं आहे ते लिहावं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मैदानावरचे एक वयस्कर गृहस्थ थांबले. निवृत्त क्रीडाशिक्षक. “ताई, तुम्ही धावत नाही, पळून जाताय,” म्हणाले. पुढे जे काही शिकलो ते त्यांच्याकडून. एक मिनिट हळू धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. जेफ गॅलोवे नावाच्या अमेरिकन धावपटूनं, जो 1972 च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावला होता, धावण्यात चालणं मिसळण्याची ही रीत जगभर लोकप्रिय केली. घरबशा माणसाला नऊ आठवड्यांत पाच किलोमीटरवर नेणारा एक तक्ताही 1996 पासून चालत आला आहे. सरांनी तो वहीच्या पानावर लिहून दिला. आम्हाला नऊ नव्हे, सव्वीस आठवडे लागले. सर म्हणायचे, तक्ता तुमच्यासाठी आहे, तुम्ही तक्त्यासाठी नाही.

किती हळू धावायचं, हा खरा प्रश्न. नवा माणूस हमखास इथेच फसतो. सरांची खूण सोपी होती. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त. आम्ही शिक्षकी पेशाच्या, म्हणून पहाडा म्हणायला लागलो. दोनाचा पहाडा कुणीही दम लागूनही म्हणतो. तेराचा नाही. तेरा एके तेरापासून एकशे तीसपर्यंत न अडखळता पोचलो तर चाल बरोबर. आपा अठ्ठ्याहत्तरला अडायची. दम लागून की पहाडा विसरून, ते तिनं कधी कबूल केलं नाही. पहिले दोन महिने आमच्या शेजारून आजोबा लोक चालत पुढे निघून जायचे. जाऊ दिलं.

सरांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती शिकवण्याच्या कामीही आली. धावायला लागलं की दम आधी सुधारतो, महिन्याभरात फरक दिसतो. हाडं आणि स्नायूंना जोडणारे दोर मात्र सावकाश तयार होतात. छाती म्हणते चल, नडगी म्हणते थांब. ऑक्टोबरमध्ये आम्ही छातीचं ऐकलं. तीन दिवसांचे पाच दिवस केले. दोघींच्याही नडगीच्या आतल्या कडेनं ठणका सुरू झाला. दोन आठवडे नुसतं चालणं. चूक चपलांचीही होती. तोपर्यंत आमच्यातली एक शाळेच्या सँडलवर आणि दुसरी धाकट्या दिराच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत धावत होती. मग नवी पेठेत जाऊन बूट घेतले. संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली. दोघींचे मिळून तीन हजार गेले. त्या महिन्यात ईदच्या कपड्यांसाठी साठवलेल्या डब्यातून. आपाचा आयुष्यातला पहिला बूट.

कपड्यांचं मात्र लवकर सुटलं. गुडघ्याखाली जाणारा सुती कुर्ता, ढिली सलवार आणि पिना लावलेला स्कार्फ. पडण्यापेक्षा बरं. पण नेमकं त्यानंच बोलणं वाढलं. गल्लीतल्या एक खाला दळणाच्या गिरणीपाशी चार बायकांत म्हणाल्या, “तलाक हुई सो औरत, सुबू-सुबू मर्दां में दौड़ती फिरती.” आपानं ऐकलं. तिनं बूट काढून पोत्यात बांधले आणि माळ्यावर टाकले. तीन दिवस ती शिवणयंत्रावरून उठली नाही. चहात पुन्हा दोन चमचे पडू लागले.

आम्हाला उत्तरं येत होती. हजरत आयेशा (रजि.) आणि पैगंबर (स.) यांच्यात धावण्याची शर्यत झाल्याची नोंद सुनन अबू दाऊदमध्ये आहे, हे वाचलेलं होतं. पण वाचलेलं गिरणीपाशी उभं राहून बोलायचं धाडस नव्हतं. खरं सांगायचं तर शाळेत मुलींना भाषण देणाऱ्या शिक्षिकेनंही त्या तीन दिवसांत खालांना सलाम करून खाली मान घातली.

चौथ्या दिवशी जेवताना अब्बांनी विषय काढला. अब्बा म्हणजे आमचे सासरे. एस.टी.त कंडक्टर होते, तिकिटापुरतंच बोलणारे. 2011 साली हज करून आले. ते सईबद्दल सांगू लागले. सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात फेऱ्या, मिळून तीन किलोमीटरहून थोडं अधिक. मध्ये हिरवे दिवे लावलेला एक टप्पा येतो, तिथे पुरुषांनी जलद धावल्यासारखं जायचं असतं. बायका चालतात. अब्बा म्हणाले, “उस जगा मैं दौड़ रहा था, तुम्हारी अम्मी बाजू से चल रही थी. मेरे दिल में आया, याद किस की कर रहे? एक औरत की. पानी के वास्ते बीबी हाजरा दौड़े थे, अकेले, गोद के बच्चे के वास्ते.” मग भात कालवत राहिले.

आम्ही मसल्यात पडत नाही. बायकांनी तिथे चालायचं, त्यामागे गर्दीचा आणि पडद्याचा विचार आहे आणि तो आम्ही मानतो. पण एका बाईच्या धावण्याची आठवण लाखो माणसं दरसाल पायांनी ठेवतात, हे मदरशात शिकूनही आम्हाला कधी या बाजूनं दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बा काठी घेऊन दारात उभे होते. आपानं माळ्यावरचं पोतं काढलं. मैदानावर अब्बा कट्ट्यावर बसले, तसबीह हातात. खालांचं बोलणं थांबलं नाही, पण अब्बा सोबत आहेत म्हटल्यावर त्याला धार राहिली नाही. हे आम्हाला पूर्ण पटलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाची काठी सोबत असल्याशिवाय दोन प्रौढ बायकांचं धावणं शुद्ध होऊ नये, हा कुठला न्याय? पण त्या वेळी काठीनं काम केलं, हेही खरं.

जानेवारीत सिद्धेश्वरची यात्रा आली आणि मैदानावर गड्डा भरला. पाळणे, भजी, खेळण्यांची दुकानं. आम्ही गल्लीबोळांतून आणि शेवटी शाळेच्या अंगणात धावलो. साठ पावलांच्या फेऱ्या मोजून डोकं गरगरलं. पण त्या पंधरवड्यात लवकर येणाऱ्या दोन-चार मुली आमच्यामागे लागल्या. पहिला नियम त्यांना हाच शिकवला, हळू. मुलं नियम ऐकतात आणि मग शर्यत लावतात.

फेब्रुवारी 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, आम्ही पाच किलोमीटर न थांबता धावलो. वेळ 46 मिनिटं. जाणकार हसतील. सर हसले नाहीत, त्यांनी वहीचं पान परत मागितलं, दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं होतं. त्याच आठवड्यात आपाची तपासणी झाली. आकडा 5.8. डॉक्टर म्हणाले, स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर थेट ओढून घेतात, पण चहाकडे आणि भाताकडेही बघा. यश सगळं धावण्याचं नाही, चहात आता अर्धा चमचा होता. आणि 5.8 म्हणजे रेघेपासून थोडं मागे सरकणं, इतकंच.

2 मार्चला रमजान लागला. महिनाभर धावणं बंद, इफ्तारच्या आधी अर्धा तास सावकाश चालणं. ईदनंतर वाटलं सगळं गेलं. पहिल्या दिवशी तेराचा पहाडा एकोणचाळीसलाच तुटला. पण पायांना आठवत होतं, तीन आठवड्यांत जागेवर आलो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना ठाऊक आहे, सात वाजता रस्ता तापतो. फजर झाली की क्षणभर न थांबता निघायचो आणि ऊन चढायच्या आत घरी.

जुलैमध्ये आमच्यातल्या सुनेला ताप आला. अब्बांचे गुडघे पावसात धरलेले. फजरनंतर अंथरुणात पडल्या पडल्या बाहेरच्या दाराची कडी वाजली. वाटलं दूधवाला. पाऊण तासानं आपा आली, बूट चिखलानं भरलेले, हातात दुधाची पिशवी. ओट्याशी उभी राहून दुधाची पिशवी फोडत म्हणाली, “दूधवाला दो रुपये ज़्यादा लगा रहा था दुल्हन. मैं बोली, मेरे कू नक्को सिखा, आगे के चौक में सस्ता मिलता, मैं दौड़ के लाती.”

मग तिनं गॅस पेटवला आणि विचारलं, ताप उतरला का.