नियम कोणत्या पानावर?

मुलांनो, खेळताना तुमचं भांडण होतं की नाही? खरं सांगा! "असं आपलं ठरलंच नव्हतं" हे वाक्य रोज एकदा तरी कानावर येतंच. आमच्या वर्गातही गेल्या पावसाळ्यात असंच भांडण झालं. फरक एवढाच, की चूक मुलांची नव्हती, माझी होती.

मी मार्कंड्याजवळच्या एका गावात पाचवीला शिकवते. मार्कंडा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी असलेलं, जुन्या दगडी देवळांचं गाव. महाशिवरात्रीला तिथं मोठी जत्रा भरते. या भागात दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा इथं थोडी उत्तरेकडे वळते, म्हणून या जागेला फार मान. पण पावसाळ्यात आमच्या मैदानाचा नुसता चिखल होतो. खो-खो बंद, लंगडी बंद. मुलं वर्गात बसून कंटाळतात आणि मग एकमेकांची दप्तरं लपवतात.

नागपूरला शिकणारा माझा भाचा सुटीत आला होता. त्यानं एक खेळ आणला होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत, फक्त तीन जाड पुस्तकं आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे. एक फासा तर वीस बाजूंचा! नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे भुयारं आणि ड्रॅगन. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. "समोर नदी आहे, काय करता?" असं सांगणारा विचारतो. कुणी म्हणतं पोहतो, कुणी म्हणतं नाव शोधतो. जमलं की नाही, ते फासा ठरवतो.

मला खेळापेक्षा पुस्तकांचीच जास्त गंमत वाटली. मी विचारलं, "अरे, एका खेळाला तीन पुस्तकं कशाला?" तो म्हणाला, "मावशी, एक खेळणाऱ्यांचं, एक सांगणाऱ्याचं आणि एक प्राण्या-राक्षसांचं." खेळणाऱ्यांच्या पुस्तकात आधी खेळ कसा चालतो ते थोडक्यात, मग आपलं पात्र कसं तयार करायचं, मग खेळाचे नियम आणि शेवटी जादूचे मंत्र, तेही मुळाक्षरांच्या क्रमानं. पुढे काय दडलं आहे, ते खेळणाऱ्याला कळायला नको, म्हणून सांगणाऱ्याचं पुस्तक वेगळं. राक्षसांच्या पुस्तकात प्रत्येकाची माहिती एकाच साच्यात दिलेली, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको.

ही मांडणी पहिल्यापासून नव्हती बरं का! अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ १९७४ साली काढला, तेव्हा एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या. त्या वाचून नवख्याला खेळ समजणं कठीण. काही गोष्टींसाठी तर दुसऱ्याच एका खेळाचं पुस्तक जवळ लागायचं. १९७५ पासून पुरवण्या निघू लागल्या आणि त्यांनी आधीचे नियमच बदलले. म्हणजे जुनं पान वाचायचं, मग पुरवणी वाचायची आणि मग खरं काय ते ठरवायचं. (पालकहो, कार्यालयातली पत्रं आठवली ना? 'संदर्भीय पत्रातील परिच्छेद ४ ऐवजी खालीलप्रमाणे वाचावे!') शेवटी १९७७ ते १९७९ या काळात राक्षसांचं, खेळणाऱ्यांचं आणि सांगणाऱ्याचं अशी तीन मोठी पुस्तकं निघाली. ती विभागणी आजही टिकून आहे.

हे सगळं ऐकूनही मी काय केलं? शंभर पानी वही घेतली आणि मनात येतील तसे नियम लिहीत सुटले!

आमचा खेळ होता वैनगंगेच्या काठाकाठानं मार्कंड्याहून आष्टीमार्गे चपराळ्यापर्यंतच्या प्रवासाचा. चपराळ्याला वर्धा नदी वैनगंगेला मिळते आणि पुढे त्या नदीला प्राणहिता म्हणतात. कुणी नावाडी झालं, कुणी वैदू, कुणी मोहफुलं वेचणारी. वीस बाजूंचा फासा कुठून आणणार? आम्ही चार चिंचोके दगडावर एका बाजूनं घासून पांढरे केले. चारही टाकायचे आणि किती पांढरे पडले ते मोजायचे. सोप्या कामाला एक पांढरा पुरे, पुरातून पलीकडे जायचं तर चारही हवेत. घरी करून पाहा. चिंचोके पडायच्या सोळा तऱ्हा होतात. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोन पांढरे येतात, चारही पांढरे मात्र एकाच तऱ्हेत. पुरात उडी घेणारे आमचे वीर त्यामुळे बहुधा वाहूनच जायचे!

वर्गात एक अबोल मुलगा आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो हे साप्ताहिक वाचतो. तेव्हा त्याला वाचायला वेळ लागायचा. म्हणून त्यानं वहीची पहिली दहा पानं मोठ्या बहिणीकडून वाचून घेऊन पाठ केली होती. तो नावाडी होता. मोहाच्या झाडाखाली अस्वल भेटलं, तसा तो झटकन म्हणाला, "मी झाडावर चढतो." तिसऱ्या पानावर नियमच होता : झाडावर चढलेला सुरक्षित.

मी म्हटलं, "अस्वलही झाडावर चढतं. तू बाद."

तो उठून उभा राहिला. "मॅडम, हे त कोठी लिवलं नाई!"

लिहिलेलं होतं. एकतिसाव्या पानावर, अस्वलाच्या गोष्टीच्या मधोमध, एका ओळीत. भरभर वाचणाऱ्या दोघातिघांना ते पान ठाऊक होतं. ते हसले. मीही वही उघडून त्याला ती ओळ दाखवली आणि वाटलं, मिटलं भांडण! दुसऱ्या दिवशी खेळायला बसलो, तर तो खिडकीपाशी जाऊन बसला. तिसऱ्या दिवशीही तिथंच. "ये ना रे," म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाला.

त्या संध्याकाळी मी शाळेच्या कपाटातून खो-खोच्या नियमांची पुस्तिका काढली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली खो-खोला नियमात बसवलं, आणि पुढे नियमांची पुस्तकं निघाली. क्रम पाहिला. आधी मैदानाची मापं, मग शब्दांचे अर्थ, मग खेळ, मग सामना. 'खो' म्हणजे काय हे आधी सांगितलं आहे, तो चुकीचा कधी ठरतो हे नंतर. माझ्या वहीत मात्र एक नियम तिसऱ्या पानावर आणि त्याला तोडणारा एकतिसाव्यावर. ज्याला लवकर वाचता येतं त्याचाच खेळ, असा त्याचा अर्थ झाला होता.

मग मी वहीचे टाके काढले. मुलांना म्हटलं, चला, तीन वह्या करू. खेळणाऱ्यांची वही आठच पानांची, मोठ्या अक्षरांत. पहिल्या पानावर फक्त एवढंच : तुझी पाळी आली की काय करायचं. सांगणाऱ्याची वही वेगळी. तिसरी प्राण्यांची. प्रत्येकाला एक पान आणि प्रत्येक पानावर चारच गोष्टी, त्याच क्रमानं : कुठं दिसतो, कधी दिसतो, काय करतो, आपण काय करायचं. मुळाक्षरांप्रमाणे लावलं तर पहिलं पान कुणाचं येणार? अस्वलाचं!

मी लिहायला बसले आणि चौथ्या गोष्टीशी अडले. खिडकीपाशी गेले. तो आजोबांबरोबर दर वर्षी पहाटे मोहफुलं वेचायला रानात जातो, हे मला माहीत होतं. विचारलं, "सांग बरं, अस्वल दिसलं तर तुझे आजोबा काय करतात?"

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दिसाच्या पयलेच आवाज करते जी आजा. त्याले दुरून समजलं पायजे का मानूस येऊन रायला. अचानक गाठ पडली का अंगावर येते."

मी लिहीत गेले, तो सांगत गेला. मोह फुलतो तेव्हा अस्वल झाडाखाली येतं. त्याची नजर कमजोर, नाक मात्र फार तिखट. आणि झाडावर चढतं, हे त्यानंच पुन्हा सांगितलं, जरासं हसून! खेळणाऱ्यांच्या वहीत 'झाडावर चढलेला सुरक्षित' या ओळीच्या शेजारी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'अस्वलाचं पान पाहा.'

नंतर पुरवण्या आल्याच. एकीला मासे हवे होते, दुसऱ्याला भुतं. कोणतं जुनं पान बदलतं ते पुरवणीच्या पहिल्याच ओळीत लिहायचं, एवढी अट मी घातली. भुतांची पुरवणी सात पानी झाली आणि मला ती मुळीच आवडली नाही, पण मुलांना फार आवडते. हल्ली बहुतेक वेळा गोष्ट सांगतो तो खिडकीपाशी बसणारा मुलगाच. पान शोधायला तो शेजारच्याला लावतो.

प्राण्यांच्या वहीतली रानडुक्कर, बिबट, मोर अशी सगळी पानं भरली. शेवटी वाघाची पाळी आली. आमच्याकडे रानात गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात दगावतात, हे मुलांना बातमी वाचून कळत नाही, घरात कळतं. मी 'वाघ' असं नाव लिहिलं आणि विचारलं, "कुठं दिसतो?" कुणीच बोललं नाही. मग मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वाघासाठी चिंचोके नोको टाकू."

सगळ्यांनी माना हलवल्या. ते पान वहीत आहे. वर नाव आहे, खाली चार गोष्टींच्या चार रेघा आखलेल्या आहेत, आणि त्या कोऱ्या आहेत.