करपलंच नाही!

ऐका ना! दोन मिनिटं बसा इथं! मी डॉक्टर नाही, शाळेनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही, पण काल रात्री जे वाचलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये!

हृदयाच्या चोंदलेल्या रक्तवाहिनीत फुगा फुगवतात, हे बाबांच्या अँजिओप्लास्टीमुळे मला ठाऊक होतं. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी ते 1977 साली पहिल्यांदा केलं. पण 1980च्या दशकात काही डॉक्टर चक्क आच घेऊन आत शिरले होते! काचेचा बारीक तंतू, त्याच्या टोकाला धातूची इवलीशी टोपी, लेझरनं ती टोपी शेकडो अंश तापवायची आणि मग अडथळ्यातून पुढे ढकलायची! जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीत! वाट उघडायचीसुद्धा! पण भिंतीही भाजायच्या, कधी भोक पडायचं, आणि मग भाजलेली जागा भरून येताना वाट पुन्हा अरुंद व्हायची. किती वाईट वाटलं मला!

न भाजणारा लेझर सापडला तो टर्कीवर! हो हो, तो पक्षी! 1981चा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दुसरा दिवस, न्यूयॉर्क राज्यातली आयबीएमची प्रयोगशाळा. मूळचे मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन घरची उरलेली टर्की घेऊन आले! आणि मग त्यांनी, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांनी तिच्यावर लेझर मारून पाहिले. हिरव्या लेझरनं कडा करपल्या. अतिनील एक्सायमर लेझरनं? स्वच्छ काप! करपलंच नाही! प्रकाशाचा ठोका इतका क्षणिक, की आजूबाजूला आच पसरायला वेळच मिळत नाही!

त्याच जातीचा, 308 नॅनोमीटरचा लेझर आज फुगा जात नाही अशा हट्टी अडथळ्यांत वापरतात. लेझर आत नेणारी नळी केवढी? 0.9 मिलिमीटर जाडीचीसुद्धा असते! आणि मग सलाइन सोडून रक्त बाजूला सारायचं, कारण रक्त हा प्रकाश शोषून घेतं आणि बुडबुडे होतात, आणि मग नळी पुढे सरकवायची, सेकंदाला फार तर एक मिलिमीटर! मी रात्री घड्याळ लावून टेबलावर बोट तसं सरकवून पाहिलं. एका सेंटिमीटरला दहा सेकंद! घामच फुटला!

तुम्हीही ठेवा बोट. हं, सरकवा. अहो, हळू! अजून हळू!